‘झिजलं’ या शब्दाचं दुखणं

कापसाच्या वेचणीला आमच्या शेतात येणाऱ्या एका मावशींनी गेल्या हंगामात काम सोडलं. तालुक्याच्या गावी काढलेला पाठीचा फोटो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला, दारातल्या उजेडात धरला आणि एका मणक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हाई देख भाऊ, आठे गॅप शे.” फोटो काढण्याआधीही त्यांची कंबर दुखत होती, पण ओटी बांधून त्या ओळीच्या ओळी उरकत होत्या. फोटोनंतर त्यांनी हंडा उचलणं सोडलं, मग खाली मांडी घालून बसणं सोडलं, मग नातवाला कडेवर घेणं. दोन-तीन आठवड्यांत मणका काही आणखी झिजत नाही. त्या आठवड्यांत त्यांच्या आयुष्यात नवा आला होता तो एक शब्द.

दुखणं म्हणजे शरीरातल्या मोडतोडीची हुबेहूब नोंद, ही आपली सर्वांची समजूत मला उथळ वाटते. माझं म्हणणं असं आहे की दुखणं हा मेंदू आणि मज्जारज्जू यांनी मिळून काढलेला धोक्याचा अंदाज असतो. त्या अंदाजात प्रत्यक्ष इजा हा एक पुरावा. पुढे काय होणार याची अपेक्षा हा दुसरा. आणि आपलं शरीर काय काय पेलू शकतं, याचा हालचालीतून मिळालेला अनुभव हा तिसरा. पहिला पुरावा पुष्कळदा आपल्या हातात नसतो. दुसरा आणि तिसरा बऱ्याच अंशी असतो, आणि नेमक्या याच दोन ठिकाणी डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, आपण सगळे मिळून दुखणाऱ्या माणसाला दुबळं करून ठेवतो.

१. दोरी ओढली की घंटा वाजते?

सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यानं दुखण्याचं एक चित्र रेखाटलं. पाय विस्तवाजवळ गेला की तिथला धागा ओढला जातो आणि दोरी ओढल्यावर घंटा वाजावी तसं मेंदूत दुखणं वाजतं. जोरात ओढली तर मोठा आवाज, हळू ओढली तर बारीक. देकार्तचं नाव कधी कानावर न पडलेला माणूसही आज याच चित्रावर विश्वास ठेवतो. फार दुखतंय म्हणजे आत फार बिघडलंय. फोटोत बिघाड दिसतोय म्हणजे दुखणारच.

या चित्राला पहिला मोठा तडा युद्धभूमीवर गेला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदना कमी करायला काही देऊ का? १९४६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार सुमारे तीन चतुर्थांश जखमींनी नको म्हटलं. पुढे शस्त्रक्रिया झालेल्या सामान्य नागरिकांशी त्यांनी तुलना केली. त्यांच्या जखमा सैनिकांपेक्षा मोठ्या नव्हत्या, तरी औषध मागणारे ८० टक्क्यांहून अधिक निघाले. बीचर यांनी कारण शोधलं ते जखमेच्या अर्थात. सैनिकाला ती जखम आघाडीवरून जिवंत सुटल्याची खूण होती, नागरिकाला संकटाची सुरुवात.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यामागची यंत्रणा मांडली. शरीराकडून येणारे संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून जातात आणि ते दार वरून, मेंदूकडूनही कमीजास्त उघडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यातले तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. आपल्याकडे शेतात दारं धरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाटाला पाणी तेवढंच असतं. कोणत्या वाफ्यात किती जाईल ते फावड्यानं माती ओढणारा ठरवतो. देकार्तनं फक्त पाट पाहिला, दारं धरणारा त्याला दिसलाच नाही.

२. अपेक्षा रक्तामांसात उतरते

इथे लगेच कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी मनाचेच खेळ ना? या वाक्याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्याच वाक्यानं केलेलं नाही. विशेषतः बायकांच्या बाबतीत. ‘तुला काही झालेलं नाही’ हे ऐकून दवाखान्यातून परतलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. म्हणून हा टप्पा नीट पाहू.

१९७८ साली अमेरिकेत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. काहींना औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन देऊनही बरं वाटलं. त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर मात्र दुखणं पुन्हा वाढलं. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम अडवणारं औषध. याचा अर्थ, नुसत्या विश्वासानं बरं वाटत होतं तेव्हा शरीर स्वतःचं वेदनाशामक तयार करत होतं आणि नॅलोक्सोननं ते अडवलं. मनाच्या खेळावर औषधाचा असा उतारा चालला नसता.

२००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मज्जारज्जूचंच स्कॅन करून पाहिलं. हातावर ‘गुणकारी मलम’ लावलंय असं समजणाऱ्यांच्या मज्जारज्जूतच वेदनेची हालचाल मंदावलेली दिसली. त्या मलमात वेदनाशामक काहीच नव्हतं. अपेक्षा मेंदूतून खाली उतरून कण्यापाशी दार ओढून घेत होती.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग २०११ चा आहे. उलरिके बिंगेल आणि ऑक्सफर्डच्या आयरीन ट्रेसी यांच्या गटानं २२ निरोगी माणसांच्या पायाला चटका देत शिरेतून रेमिफेन्टॅनिल हे प्रभावी वेदनाशामक चालू ठेवलं. औषध चालू आहे हे सांगितलं नव्हतं तेव्हा दुखणं थोडं कमी झालं. ‘आता औषध सुरू करतोय’ म्हटल्यावर त्याच औषधाचा परिणाम साधारण दुप्पट झाला. मग ‘आता औषध बंद केलंय, दुखणं वाढू शकतं’ असं सांगितलं. औषध तर तेवढ्याच वेगानं शिरेत जात होतं. परिणाम जवळजवळ पुसला गेला. एवढं जबर औषध एका वाक्यानं निकामी होतं, तर कंबरदुखीच्या साध्या गोळीचं काय होत असेल?

आपल्याकडे ‘सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही’ किंवा ‘बाटली लावली की अंगात जीव येतो’ असं म्हणणाऱ्या माणसाला शिकलेली मंडळी अडाणी ठरवतात. त्याला गुण येतो हे खोटं नाही. त्याच्या शरीरातल्या औषधाला बाहेर यायला एक निमित्त लागतं आणि आपण त्याला शिकवलेलं निमित्त म्हणजे सुई. वाईट इतकंच, की ते निमित्त दर वेळी विकत घ्यावं लागतं.

३. शब्दांना काळ असतो

अपेक्षा आभाळातून पडत नाही. ती शब्दांतून येते, आणि मराठीत दुखण्याचे शब्द फार नेमके आहेत. कळ, ठणका, चमक, सणक, उसण, रग. पहिल्या दिवशी निंदणी करून आलेली पोरगी म्हणते, अंग आंबलं. या शब्दात काळ भरलेला आहे. आंबलेलं अंग दोन दिवसांत मोकळं होतं हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्या दुखण्याची भीती कोणाला वाटत नाही. उसण भरते तशी उतरते. रग लागते तशी जाते. हे सगळे शब्द येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याचे आहेत.

आता दवाखान्यातून घरी आलेले शब्द पाहा. मणका झिजला. गादी सरकली. नस दबली. गुडघ्यातलं ग्रीस संपलं. गॅप आली. हे सगळे यंत्राचे शब्द आहेत, आणि यंत्राचा झिजलेला भाग आपोआप भरून येत नाही. तो बदलावा लागतो किंवा जपून वापरावा लागतो. या शब्दांत परतीची वाट नाही. मावशींनी हंडा सोडला तो दुखण्यामुळे कमी आणि या शब्दाची आज्ञा पाळण्यासाठी जास्त.

आणि हे शब्द बहुतेक वेळा पुराव्याला धरूनही नसतात. २०१५ साली वॉलीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यासांतल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले. विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के. चकती फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्के. केस पांढरे होतात तसे मणके बदलतात. पांढरे केस पाहून कोणी ‘डोकं निकामी झालंय’ म्हणत नाही. पण पाठीच्या फोटोबद्दल आपण तेच बोलतो, आणि ते ऐकणाऱ्याच्या मज्जारज्जूत दार उघडं पडतं.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या कंबरदुखीमागे दुसरा ठोस आजार सापडत नाही, तिच्यासाठी त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. जळगाव-धुळ्याच्या बाजारात पट्टा लावून फिरणारी माणसं मोजा. पट्टा हाही एक शब्दच आहे. तो दिवसभर पोटाला आवळून सांगत राहतो की तुझी कंबर तुला पेलणार नाही.

४. चालणारे पाय

तिसरा पुरावा हालचालीचा. व्यायाम केल्यावर काही वेळ दुखणं बोथट होतं, हे निरोगी माणसांत अनेकदा दाखवलं गेलं आहे. पण मला जास्त बोलका वाटतो तो २०१४ चा ऑस्ट्रेलियातला एक छोटा अभ्यास. सहा आठवडे आठवड्यातून तीनदा सायकल चालवणाऱ्यांची वेदना आधी आणि नंतर मोजली. दुखायला सुरुवात कधी होते, हा उंबरठा जिथल्या तिथे राहिला. पण किती दुखेपर्यंत माणूस थांबू शकतो, ही मजल वाढली. म्हणजे सायकलीनं मज्जातंतू बधिर केले नाहीत. घाम येणं, धाप लागणं, मांड्या पेटणं या सगळ्यातून वारंवार जाऊन पुन्हा सुखरूप बाहेर आल्यामुळे शरीरानं अंदाज बदलला. हे दुखणं धोक्याचं नाही, एवढं ते शिकलं.

२०२३ साली नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराच्या पाहणीतून १०,७३२ प्रौढांची माहिती प्रसिद्ध झाली. थंडगार पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो, हे त्यांच्यावर सात-आठ वर्षांच्या अंतरानं दोनदा मोजलं होतं. मोकळ्या वेळात हालचाल करणाऱ्यांची मजल बैठ्या माणसांपेक्षा जास्त होती. अशी पाहणी कार्यकारण सिद्ध करत नाही, पण सायकलीच्या प्रयोगाशी जुळते.

आता दुसरा आणि तिसरा पुरावा एकत्र येतो ती जागा. २०२० साली डेन्मार्कमध्ये हेन्रिक वेग्टर यांच्या गटानं निरोगी माणसांना भिंतीला पाठ टेकून तीन मिनिटं खुर्चीसारखं बसायला लावलं. काहींना आधी सांगितलं की या व्यायामानं दुखणं कमी होतं; काहींना सांगितलं की वाढतं. व्यायाम तोच, वेळ तीच. चांगलं ऐकलेल्यांचा वेदनेचा उंबरठा चांगलाच वर गेला, वाईट ऐकलेल्यांत व्यायामाचा तो फायदा उरलाच नाही. ‘जपून हं, फार वाकू नका’ असं दहा वेळा बजावून पाठवलेल्या रुग्णाला फिजिओथेरपीचा गुण का येत नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

खान्देशाला हे प्रयोगशाळेतून शिकायची गरज नव्हती. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर निघालेली माणसं आपण दर वर्षी पाहतो. उन्हाचा पारा चाळिशी ओलांडलेला असतो, डांबर मऊ झालेलं असतं आणि धुळे-जळगावकडचे जथे शंभराहून अधिक किलोमीटर चालत नांदुरीच्या पायथ्याशी पोचतात; त्यातले कितीतरी अनवाणी. मुक्ताईनगरहून आषाढीसाठी निघणारी मुक्ताबाईंची पालखी तर महिनाभर चालते. रात्री मुक्कामाला तळपायाचे फोड फोडले जातात, पिंडऱ्यांना तेल चोळलं जातं, आणि पहाटे तेच पाय उठतात. त्यांना दुखत नाही असं नाही. त्या दुखण्याचा अर्थ, सोबतची माणसं आणि संपण्याचा दिवस आधीच ठरलेला असतो. शिवाय रोज चालून शरीराला रोज नवा पुरावा मिळतो, काल पोचलो होतो, आजही पोचू.

५. मग वेचणारीची कंबर का दुखते?

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत कडक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. हालचालीनं दुखणं कमी होत असेल, तर सूर्य उगवल्यापासून वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला, रावेर-यावलच्या बागेत वीस-पंचवीस किलोचा केळीचा घड खांद्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या मजुराला काहीच दुखायला नको. प्रत्यक्षात सर्वांत जास्त त्यांनाच दुखत असतं.

या आक्षेपाचं प्रचलित उत्तर फार सोयीचं आहे: ‘त्यांना सवय असते.’ मालक ते बोलतो, नातेवाईक बोलतात, कधी मजूर स्वतःही बोलतो. हे उत्तर चुकीचं आहे. वर सांगितलेला सायकलीचा प्रयोग आठवावा. दुखण्याचा उंबरठा तिथेच राहतो, सोसण्याची मजल वाढते. ज्याला आपण सवय म्हणतो ती बहुधा ही मजल असते. सोसणाऱ्याला दुखतच असतं. तो थांबत नाही, एवढंच आपल्याला दिसतं.

आणि कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कामावरची अंगमेहनत आणि मोकळ्या वेळातली हालचाल यांचे आरोग्यावरचे परिणाम सारखे नसतात, हे कोपनहेगनचे आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं मांडत आहेत. ट्रोम्सोच्या पाहणीतही मोजली होती ती मोकळ्या वेळातली हालचाल. वेचणारीला मोकळा वेळ असतो कुठे? व्यायामात भार हळूहळू वाढवतात, मध्ये विसावा घेतात, अंग आंबलं तर दुसऱ्या दिवशी हलकं घेतात. वेचणीत एकच वाकणं तासन् तास, तेही किलोच्या हिशेबावर. थांबली तर मजुरी कमी. संध्याकाळी घरी चूल आणि पाणी आहेच.

हा ‘थांबण्याचा हक्क’ दुखण्याच्या मोजमापात खरोखर उतरतो. २००४ साली टिम सॅलोमन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दिलेला चटका आपल्या हातात आहे असं वाटतं तेव्हा तेवढ्याच चटक्याला मेंदूतल्या वेदनेशी निगडित भागांचा प्रतिसाद कमी येतो. माझा हात चालत नाही, ही जाणीव स्वतःच दुखणं वाढवते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सुखदुःख सहन करावं, ही शिकवण तिथे ऐकणारे सत्याग्रही होते. त्यांनी तो तुरुंग स्वतः पत्करला होता. पत्करलेलं सोसणं आणि लादलेलं सोसणं यांना एकच नाव देऊन मजुराला तितिक्षेचा उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. चैत्रात गडावर चालत जाणारी आणि मार्गशीर्षात वेचणीला वाकणारी बाई अनेकदा एकच असते. तिचे पाय, तिची कंबर तीच. गडाच्या वाटेवर तिला कुठे थांबायचं ते ठरवता येतं.

म्हणून वेचणारीच्या कंबरेवरचा उपाय फक्त तिच्या मनात किंवा स्नायूंत शोधणाऱ्याशी माझं जमत नाही. तासाला दोन मिनिटं सरळ उभं राहण्याची मुभा, ओटी भरण्याआधी रिकामी करण्याची सोय, बांधावर सावली आणि पाणी, हे वेदनेवरचे उपचार आहेत. ते दवाखान्यात मिळत नाहीत, मालकाकडून मिळावे लागतात. मालकांत मीही आलोच.

६. फसवणूक आणि धोका

दुसरा आक्षेप नीतीचा. अपेक्षेनं गुण येतो म्हणून रुग्णाला खोटं सांगायचं का? नाही, आणि गरजही नाही. २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी पोटाच्या जुनाट विकाराच्या ८० रुग्णांवर अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला ‘या गोळ्यांत औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तरी तीन आठवड्यांनी तो गट गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा बरा होता. कंबरेच्या बाबतीत तर खरी माहितीच धीर देणारी आहे. खोटं आहे ते ‘झिजलं’मधलं कायमचेपण.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: दुखणं दाबणं घातक ठरू शकतं. मधुमेहानं तळपाय बधिर झालेला माणूस अनवाणी निघाला तर काटा रुतला तरी त्याला कळत नाही आणि जखम चिघळते. अपेक्षेनं गाठ विरघळत नाही, मोडलेलं हाड जुळत नाही. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं यांतलं काही असेल तर चालायला न जाता थेट डॉक्टर गाठावा. मणक्याचा क्षय आपल्या भागात आजही होतो. माझा मुद्दा ही लक्षणं नसलेल्या त्या मोठ्या संख्येबद्दल आहे, जिच्या हातात फोटो आणि पट्टा देऊन आपण तिला खाटेवर बसवतो.

७. काय म्हणावं

डॉक्टरांकडे वेळ नसतो हे खरं. पण ‘तुमच्या वयाच्या बहुतेकांचा फोटो असाच दिसतो, पाठ मजबूत आहे, रोज थोडं चाला, सुरुवातीला अंग आंबेल’ हे सांगायला ‘मणका झिजलाय, जपून राहा’पेक्षा चार-पाच सेकंदच जास्त लागतात. पहिल्या वाक्यात ‘आंबेल’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. चालल्यावर दुखणार हे आधीच सांगितलं, आणि ओळखीच्या, जाणाऱ्या दुखण्याचं नाव देऊन सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी उठलेली कळ ‘गॅप वाढली’ असा अर्थ घेऊन येत नाही.

मावशी आता संध्याकाळी जावेला सोबत घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येतात. आधी पारावर बसून मग परतायच्या, आता बसत नाहीत. नातू पुन्हा कडेवर आला आहे, हंडा अजून नाही. फोटोची पिशवी खुंटीला तशीच टांगलेली आहे. परवा त्यांनी मला विचारलं, “भाऊ, गॅप भरनी व्हई का?” मी म्हटलं, ती होती तिथेच असेल. माझ्याही पाठीत असेल. मी फोटो काढलेला नाही, एवढंच.